कुंपण कोणाचे, ते आधी ओळखा

ऑगस्ट २०१६ मध्ये एका पाटीने देशभरातल्या प्रेक्षकांची झोप उडवली होती. बंद केलेले एखादे संकेतस्थळ उघडायला गेले, की पडद्यावर इंग्रजी मजकूर यायचा. त्याचा आशय असा: हा पत्ता सरकारच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने बंद केला आहे, इथली बेकायदा प्रत पाहणे, उतरवून घेणे किंवा दाखवणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षे कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही पाटी व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर पोचली. चुकून दुवा दाबला गेला तरी पोलीस येणार, अशी लोकांची समजूत झाली.

‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठीचे प्रकरण तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात चालू होते. त्यात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हा गोंधळ दूर केला. गुन्हा नुसत्या पाहण्यात नाही. परवानगीशिवाय प्रती वाटणे, जाहीर प्रदर्शन करणे, विकणे किंवा भाड्याने देणे यांत तो आहे, असे त्यांनी स्पष्ट केले आणि पाटीवरचा मजकूर बदलायला सांगितले. कायदा होता तोच राहिला. लोकांना भीती घातली होती ती चुकीच्या शब्दांनी.

आज तोच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. माझी मावशी उन्हाळ्यात मुलीकडे शिकागोला जाते. पुण्यात रोज रात्री जेवताना बघायची ती मालिका तिथे उघडत नाही. नातू म्हणतो, “आजी, व्हीपीएन टाकून देतो, दोन मिनिटांचं काम आहे.” मावशी मला फोन करते, “अगं, पण हे कायद्यात बसतं ना? उगाच मुलांच्या व्हिसाला काही व्हायला नको.”

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर पुरत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात: वाट अडवणारे कुंपण कोणी घातले आहे, तुम्ही कोणत्या देशात बसला आहात, आणि कुंपणापलीकडे जाऊन तुम्ही काय करणार आहात. ही तिन्ही उत्तरे हातात असली, की बाकीचा गुंता बराचसा सुटतो.

पाटी नीट वाचा

भारतात प्रेक्षकाला अडवणारी कुंपणे मुख्यतः तीन प्रकारची आहेत. पहिले व्यापाऱ्याचे: कंपनीकडे त्या देशात दाखवण्याचा हक्क नाही, म्हणून ती दाखवत नाही. दुसरे न्यायालयाचे: चोरीचा माल दाखवणारे संकेतस्थळ कॉपीराइटच्या दाव्यात बंद करण्याचा आदेश झालेला असतो. तिसरे सरकारचे: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांनी एखादा मजकूर किंवा अ‍ॅप बंद केलेले असते.

कोणते कुंपण आहे, ते पाटीवरून बरेचदा कळते. अ‍ॅप नीट उघडते, पण एखादाच चित्रपट ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’ म्हणून सांगते, तेव्हा कुंपण व्यापाऱ्याचे समजावे. यूट्यूबवर ‘ज्याने व्हिडिओ टाकला त्याने तो तुमच्या देशात खुला केलेला नाही’ असे येते, तेही त्याच जातीचे. मात्र यूट्यूब ‘सरकारच्या कायदेशीर तक्रारीमुळे’ असे म्हणत असेल, किंवा एक्सवर ‘कायदेशीर मागणीवरून भारतात रोखले आहे’ असे दिसत असेल, तर मामला सरकारचा किंवा न्यायालयाचा आहे. संपूर्ण संकेतस्थळच उघडत नाही आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची आदेशाविषयीची पाटी येते, तेव्हाही तेच. पाटीवरची ती एक ओळ मनातल्या मनात का होईना, पूर्ण वाचायची सवय लावा.

व्हीपीएन हे साधन आहे

तुमचा फोन इंटरनेटवर जातो तेव्हा त्याला एक आकडी पत्ता मिळतो. तो पत्ता कोणत्या देशातला आहे, हे समोरच्या संकेतस्थळाला कळते. व्हीपीएन तुमची सगळी ये-जा कुलूपबंद करून आधी दुसऱ्या एका सर्व्हरकडे नेते आणि तिथून पुढे सोडते. सर्व्हर लंडनला असेल, तर तुम्ही लंडनहून आल्यासारखे दिसता. बँका, रुग्णालये, घरून काम करणाऱ्या लोकांच्या कंपन्या हे तंत्र दिवसरात्र वापरतात, कारण त्यांना वाटेत कोणी डोकावलेले चालत नाही.

म्हणूनच भारतात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गृह खात्याशी संबंधित संसदीय स्थायी समितीने व्हीपीएन कायमचे बंद करण्याची शिफारस केली होती, पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. त्यानंतर २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेने निर्देश काढले. व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, ईमेल, दिलेला आकडी पत्ता, सेवा घेण्याचे कारण ही माहिती पाच वर्षे जपून ठेवावी, असा त्यांचा गाभा आहे. या सेवांसाठी ते २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला त्यातून सूट आहे. हे बंधन सेवा देणाऱ्यावर आहे, वापरणाऱ्यावर नाही. त्याच वर्षी एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. यातून ध्यानात घ्यायचे ते एवढेच: व्हीपीएन लावले म्हणजे आपण अदृश्य झालो, असे समजू नका.

एक मोठा अपवाद आहे. जम्मू-काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ पासून इंटरनेट बंद होते. जानेवारी २०२०च्या अखेरीस ते संथ गतीने आणि फक्त ३०१ मान्य संकेतस्थळांपुरते सुरू झाले. लोकांनी व्हीपीएन वापरून यादीबाहेरची समाजमाध्यमे उघडली आणि त्यांच्या गैरवापराबद्दल फेब्रुवारीत तिथल्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पुढेही तिथल्या काही जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ठरावीक काळासाठी व्हीपीएन वापरावर बंदीचे आदेश काढले आहेत. असा आदेश लागू असताना तो मोडणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरतो. वैष्णोदेवीला किंवा काश्मीर पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी, कामासाठी लॅपटॉप बरोबर नेणाऱ्यांनी तर विशेषकरून, मुक्कामाच्या जिल्ह्यात असा आदेश आहे का, हे हॉटेलात विचारून घ्यावे.

व्यापाऱ्याचे कुंपण: गुन्हा की करारभंग?

एकच सामना पुण्यात एका अ‍ॅपवर आणि न्यू जर्सीत भलत्याच वाहिनीवर का दिसतो? कारण चित्रपटाचे किंवा सामन्याचे हक्क देशवार विकले जातात. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारण हक्क मिळून ४८,३९० कोटी रुपयांना गेले. भारतीय उपखंडातले टीव्ही, इथले डिजिटल आणि उर्वरित जग असे त्यांचे वेगळे गठ्ठे करून लिलाव झाला. ज्याने जगाचा गठ्ठा घेतला, त्याच्या अंगणात भारतातल्या कंपनीने दाखवायचे नाही आणि त्याने इथे दाखवायचे नाही, एवढाच त्या कुंपणाचा अर्थ. आपला कॉपीराइट कायदाही प्रदेशाचा हा विचार करतो. हक्क लिहून देताना प्रदेश नमूद केला नसेल, तर तो भारतापुरताच दिला असे कलम १९ मानते. जुन्या मराठी चित्रपटांचे करार जगभराच्या प्रेक्षकाचा विचार करून केलेले नसतात. परदेशातल्या अ‍ॅपवर ते न दिसण्याचे एक कारण असे निव्वळ कागदी असू शकते.

पैसे भरलेल्या प्रेक्षकाने व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाची यादी पाहिली, तर काय होते? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आले. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेला तांत्रिक अडसर चुकवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे ते सांगते. मात्र त्यात एक अट आहे: अडसर चुकवण्यामागे त्या हक्कांचा भंग करण्याचा हेतू असला पाहिजे. देशाचे कुलूप हा या अर्थाने ‘अडसर’ आहे का, यावर वकिलांत मतभेद आहेत. स्वतःच्या वर्गणीवर, स्वतःच्या घरात, प्रत न काढता पाहणाऱ्याच्या मनात असा हेतू सिद्ध करणे अवघड आहे. तोच माणूस त्या वाटेने चित्रपट उतरवून घेऊन टेलिग्रामवर टाकू लागला, तर हेतू शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

तेव्हा घरगुती प्रेक्षकापुढचा खरा प्रश्न बहुधा फौजदारीचा नसून कराराचा असतो. खाते उघडताना न वाचता ‘मान्य’ दाबले, त्या अटींत सेवा मुख्यतः खात्याच्या देशातच वापरण्याचे कबूल केलेले असते. अट मोडली तर कंपनी आपल्या हातातले उपाय करते. नेटफ्लिक्सने जानेवारी २०१६ मध्येच अशा वाटा बंद करण्याचे जाहीर केले होते. आता व्हीपीएन लावलेल्या ग्राहकाला ज्यांचे हक्क जगभर आहेत तेवढ्याच कलाकृती दिसू शकतात आणि जाहिरातींसह येणाऱ्या स्वस्त योजनेत तर व्हीपीएन चालतच नाही. जून २०२४ मध्ये यूट्यूबने स्वस्त देशाचा पत्ता दाखवून घेतलेली प्रीमियम सदस्यत्वे रद्द करायला सुरुवात केली.

इथे एक रेघ ठळक ओढून ठेवते. स्वतःच्या वर्गणीवर दुसऱ्या देशाची यादी पाहणे वेगळे. खोटा पत्ता लिहून, दुसऱ्याचे कार्ड वापरून किंवा न विचारता कोणाचा पासवर्ड घेऊन वर्गणी मिळवणे वेगळे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शंभर-दोनशे रुपये वाचवायला खोटी माहिती भरणे म्हणजे साधा करारभंग स्वतःच्या हाताने फसवणुकीच्या दाराशी नेऊन सोडणे.

जगात या प्रश्नावर काय झाले, त्यातूनही शिकता येते. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ शहरात कॅरन मर्फी या बाई एक पब चालवत. इंग्लिश फुटबॉलचे सामने दाखवायला त्यांनी तिथल्या महागड्या वाहिनीऐवजी ग्रीसमधल्या वाहिनीचे डिकोडर कार्ड घेतले. त्यांना दंड झाला आणि त्या लढल्या. ४ ऑक्टोबर २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: दुसऱ्या सदस्य देशाचे कार्ड वापरायला मनाई करणारा कायदा युरोपातल्या सेवांच्या मुक्त देवघेवीच्या तत्त्वाशी विसंगत आहे. त्याच निकालात असेही म्हटले, की प्रक्षेपणातली सुरुवातीची चित्रफीत, गीत यांसारखे कॉपीराइट असलेले भाग पबमध्ये लोकांना दाखवायचे, तर त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागेल. घरात पाहणे आणि चारचौघांना दाखवणे यांतला हा फरक आपल्याकडेही तितकाच महत्त्वाचा आहे. तुमची वर्गणी घरापुरती असते. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा हॉटेलात पडदा लावून तीच वर्गणी चालवायची असेल, तर आधी हक्कधारकाची परवानगी घ्या, मग ते अ‍ॅप भारतातले असो की परदेशातले.

नेटफ्लिक्स २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात पोचण्याआधीच तिथले अनेक लोक व्हीपीएनने अमेरिकेतली यादी पाहत होते. अशा वापराने त्यांच्या कॉपीराइट कायद्याचा भंग होत नाही, असे तेव्हाचे दळणवळणमंत्री माल्कम टर्नबुल यांनी सांगितले. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये मात्र ‘ग्लोबल मोड’ नावाने ही सोय ग्राहकांना पुरवणाऱ्या कंपन्यांना तिथल्या प्रसारकांनी न्यायालयात खेचले आणि तडजोडीनंतर १ सप्टेंबर २०१५ पासून ती सेवा बंद पडली. आपल्या सोसायटीत ‘सगळ्या देशांचं नेटफ्लिक्स लावून देतो, महिना अमुक रुपये’ असा धंदा कोणी करू पाहत असेल, तर त्याने हे जरूर लक्षात ठेवावे. कुंपणाखालून वाट विकणारा आधी सापडतो.

न्यायालयाचे कुंपण: चोरीचा माल

या कुंपणाविषयी मी कसलीच सवलत द्यायला तयार नाही. मराठी चित्रपट मोजक्या पैशांत होतो आणि मोजक्याच खेळांवर जगतो. पहिल्या आठवड्यात त्याची प्रत बाहेर फुटली, तर निर्मात्याचा पुढचा चित्रपट होत नाही.

चोरटी संकेतस्थळे एका नावावर बंद झाली, की दुसऱ्या नावाने उगवतात. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अशा नव्या नावांनाही लागू होत जाणारा आदेश दिला. त्या संकेतस्थळांवर व्हीपीएनने पोचणे सोपे आहे, हे खरे. पण मुंबई उच्च न्यायालयाने ‘नुसते पाहणे गुन्हा नाही’ म्हटले, याचा अर्थ पुढचे सगळे माफ झाले असा नाही. प्रत उतरवून घेतली की तुम्ही स्वतः एक प्रत तयार केली. टॉरेंट वापरले, तर उतरवून घेतानाच तुमचा संगणक त्या चित्रपटाचे तुकडे इतरांना पुरवत राहतो, म्हणजे तुम्ही वाटपही करता. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. चित्रपटगृहात मोबाइलवर चित्रपट टिपणाऱ्याला २०२३ च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यात किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. वरची मर्यादा तीन वर्षे आणि लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्के इतकी जाते.

फुकट सामने दाखवणाऱ्या अ‍ॅपमागे कोण असते, तेही पाहा. २०२३ च्या आयपीएलचे सामने फेअरप्ले या अ‍ॅपवर बेकायदा दाखवल्याच्या तक्रारीवरून महाराष्ट्र सायबरने गुन्हा नोंदवला. हे अ‍ॅप सट्टेबाजीशी जोडलेले होते. क्रिकेटच्या ओढीने आलेल्या पोराला सट्ट्याच्या दारात उभे करणारी ही वाट आहे. घरातल्या मुलांना हे समजावून सांगा. ‘पोलीस धरतील’ एवढेच सांगून भागणार नाही.

सरकारचे कुंपण: पाहणे, पसरवणे आणि लढणे

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ केंद्र सरकारला मजकूर बंद करण्याचा अधिकार देते. देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी संबंधित गुन्ह्यांना चिथावणी रोखणे, ही त्याची कारणे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप याच कलमाखाली बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात कलम ६६अ रद्द केले, पण ६९अ कायम ठेवले. याशिवाय २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांविषयीच्या बीबीसीच्या माहितीपटाचे दुवे काढण्याचे आदेश याच नियमांतल्या तातडीच्या अधिकाराने निघाले. मार्च २०२४ मध्ये अश्लीलतेच्या कारणावरून १८ ओटीटी मंच बंद करण्यात आले.

६९अ मध्ये सात वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ती आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थासाठी, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या, समाजमाध्यमे यांच्यासाठी. बंद केलेले पान पाहणाऱ्यासाठी त्या कलमात शिक्षा नाही. तरी दोन गोष्टी विसरू नका. पहिली: मजकूरच मुळात गुन्हा असेल, तर व्हीपीएन काहीही वाचवत नाही. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये शोधणे, पाहणे, उतरवून घेणे, सगळेच कलम ६७ब खाली गुन्हा आहे. दुसरी: पाहणे आणि पुढे पाठवणे यांत मोठे अंतर आहे. बंद केलेली चित्रफीत कुटुंबाच्या गटात ढकलली, की तुम्ही प्रेक्षक राहत नाही, प्रसारक होता. मग मजकुरानुसार इतर फौजदारी कलमे लागू शकतात.

सरकारचे प्रत्येक कुंपण योग्यच असते, असे मी मानत नाही. लोकशाहीत तसे मानूही नये. पण चुकीच्या बंदीला व्हीपीएन हे उत्तर अपुरे आहे. ते एका माणसाची वाट मोकळी करते, बंदी जागच्या जागी राहते. मराठी माणसाला दुसरी वाट ठाऊक आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर सेन्सॉरची कुऱ्हाड पडली, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. नाटक चोरून करण्याची वेळ आली नाही.

इंटरनेटवरही ही वाट आहे. एका पत्रकाराने हुंड्याच्या प्रथेवर टीका करणारे उपहासात्मक संकेतस्थळ चालवले होते, हुंड्याची ‘रक्कम’ काढून देणारे. उपहास न ओळखता ते २०१८ मध्ये बंद करण्यात आले. त्यांना ना सूचना मिळाली, ना आदेशाची प्रत. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे २०२२ मध्ये न्यायालयाने आदेशाची प्रत द्यायला आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला सांगितले. तुमचा व्हिडिओ, ब्लॉग किंवा चॅनेल बंद झाले असेल, तर हे उदाहरण वकिलाला दाखवा. २००९ च्या नियमांप्रमाणे मजकुराच्या कर्त्याला किंवा मध्यस्थाला सूचना देण्याची तरतूद आहे आणि तातडीने केलेली बंदी ४८ तासांत समितीपुढे ठेवावी लागते. अख्ख्या भागाचे इंटरनेट बंद झाले, तर अनुराधा भसीन प्रकरणातला १० जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हाताशी ठेवा. इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, म्हणजे नागरिकाला त्यांना आव्हान देता येईल, असे तो सांगतो.

परदेशात असाल तर

कायदा तुम्ही उभे असता त्या जमिनीचा लागतो. पासपोर्ट भारताचा आहे म्हणून दुबईत भारताचा नियम चालत नाही.

संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएन स्वतः बेकायदा नाही. कंपन्या आणि बँका ते वापरतात. पण २०२१ च्या सायबर गुन्हे कायद्याचे कलम १० कडक आहे. गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी खोट्या पत्त्याआड गेल्यास कैद किंवा पाच लाख ते वीस लाख दिरहॅम दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तिथे जे बंद आहे ते व्हीपीएनने उघडायच्या मोहात नोकरी आणि व्हिसा पणाला लावू नका. घरी बोलायला तिथल्या परवानाधारक सेवा वापरा.

रशियात आपल्याकडची अनेक मुले वैद्यकीय शिक्षणाला जातात. तिथे मार्च २०२४ पासून बंदी चुकवण्याच्या उपायांची माहिती पसरवायला मनाई आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘अतिरेकी’ यादीतला मजकूर जाणूनबुजून शोधला, व्हीपीएन लावून शोधला तरी, ३ ते ५ हजार रूबल दंड आहे. मित्रांच्या गटात व्हीपीएनची शिफारस पाठवणेही टाळा, असे तिथल्या विद्यार्थ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. चीनमध्ये फक्त सरकारमान्य व्हीपीएन कायदेशीर आहे. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्याने भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घ्यावे. रोमिंगची ये-जा मूळ देशाच्या जाळ्यातून होत असल्याने नेहमीची अ‍ॅप सहसा चालतात आणि वेगळे काही बसवावे लागत नाही.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड इथल्या वाचकांसाठी आनंदाची गोष्ट. युरोपीय संघात १ एप्रिल २०१८ पासून, तिथे घेतलेली सशुल्क सेवा तात्पुरत्या प्रवासात दुसऱ्या सदस्य देशातही आपल्या घरच्यासारखीच चालली पाहिजे, असा नियम आहे. बर्लिनहून पॅरिसला फिरायला गेलात, तर व्हीपीएनची गरज नाही. ब्रिटन मात्र १ जानेवारी २०२१ पासून या सोयीतून बाहेर पडले आहे.

फुकटच्या व्हीपीएनची किंमत

कायद्याचे सगळे बरोबर असले, तरी चुकीचे व्हीपीएन घरात चोर आणते. होला नावाची फुकट सेवा २०१५ मध्ये उघडी पडली. ती आपल्याच वापरकर्त्यांच्या संगणकांतून परक्यांची ये-जा सोडत होती आणि ती क्षमता विकतही होती. फेसबुकच्या मालकीचे ओनावो हे व्हीपीएन लोक फोनवर काय वापरतात याची माहिती गोळा करत होते. २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या दुकानातून काढावे लागले. मे २०२४ मध्ये अमेरिकेने उद्ध्वस्त केलेले ‘९११ एस५’ हे गुन्हेगारी जाळे तर फुकट व्हीपीएन अ‍ॅपमधूनच पसरले होते. त्यात एक कोटी ९० लाखांहून अधिक आकडी पत्ते अडकले होते. विचार करा, तुमच्या घरच्या पत्त्यावरून दुसऱ्याने गुन्हा केला, तर पोलीस आधी कोणाच्या दारात येतील?

म्हणून व्हीपीएन घ्यायचेच असेल, तर पैसे देऊन, ओळखीच्या आणि तपासणी झालेल्या कंपनीचे घ्या. बँकेचे अ‍ॅप उघडताना ते बंद करा, कारण परदेशातून आल्यासारखे दिसल्यामुळे बँक व्यवहार अडवू शकते. संपर्क, संदेश, कॅमेरा यांची परवानगी मागणारे व्हीपीएन ताबडतोब काढून टाका.

बटण दाबण्याआधी

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष नोटीस आली, तर वकिलाकडेच जा. पण रोजच्या वापरासाठी स्वतःला विचारायचे प्रश्न असे:

१. पाटी कोणाची आहे: कंपनीची, न्यायालयाची की सरकारची?
२. मी आज ज्या देशात, ज्या जिल्ह्यात आहे, तिथे व्हीपीएनवर बंधन आहे का?
३. जे पाहणार आहे ते अधिकृत आहे का, आणि त्याचे पैसे मी भरले आहेत का?
४. मी फक्त पाहणार आहे, की उतरवणार, पाठवणार, लोकांना दाखवणार आहे?
५. नाव, पत्ता, कार्ड यांत काही खोटे लिहावे लागते आहे का?
६. हेच पाहण्याची सरळ वाट आहे का?

सहावा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि बरेचदा तोच काम भागवतो. अनेक भारतीय वाहिन्यांची परदेशासाठी वेगळी अ‍ॅप आहेत. नेटफ्लिक्ससारख्या सेवांकडे हवा तो चित्रपट सुचवायची सोय असते. हव्या त्या मराठी चित्रपटाचे नाव तिथे लिहून पाठवा. परदेशातल्या मराठी मंडळांनी मिळून हे केले, तर इतके मराठी प्रेक्षक पैसे मोजायला तयार आहेत, हे कंपन्यांना कळेल. व्हीपीएनने आलेला प्रेक्षक त्यांच्या हिशेबात आपल्या देशात मोजलाच जात नाही.

मावशीलाही मी हेच सांगितले. नातवाने तासभर शोधले, तेव्हा त्या वाहिनीचे अमेरिकेसाठीचे अधिकृत अ‍ॅप सापडले. वर्गणी लेकीने भरली. आता रोज जेवताना मालिका लागते. परवा तिचा पुन्हा फोन आला. एक जुना चित्रपट उघडत नव्हता. “पाटी वाचली,” ती म्हणाली, “कंपनीचीच आहे, सरकारची नाही. मग मी त्यांना चित्रपटाचं नाव लिहून पाठवलं.”